आजींच्या आधी

ती माझी सख्खी मावशी. बाकी जगाची पगारी. दवाखान्यात चादरी बदलणाऱ्या, आजाऱ्याला कुशीवर वळवणाऱ्या सगळ्याच बायकांना लोक मावशी म्हणतात, आणि हिने तेविसाव्या वर्षापासून तेच काम केलं. त्यामुळे तिला नावाने हाक मारणारं माणूस हळूहळू उरलंच नाही. तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, होते तोवर ते मारायचे. ते गेल्यावर कुठल्याशा अर्जावर स्वतःचं नाव लिहिताना ती पेन धरून क्षणभर थांबली होती. मी शेजारीच उभी होते.

काका लोखंडी कपाटांना फवाऱ्याने रंग मारायचे. घरी आले की रुमालात शिंकरायचे, आणि त्या दिवशी कपाटं कुठल्या रंगाची होती ते आम्हाला रुमालावरून कळायचं. मी आणि मावशीची मुलगी बबडी पैजा लावायचो, आज हिरवा की राखाडी. काकाही हसायचे. सत्तेचाळीसाव्या वर्षी ते गेले. शेवटची दोन वर्षं जिन्याच्या प्रत्येक वळणावर बसायचे, आणि कोणी येताना दिसलं की चपलेचा अंगठा नीट करतोय असं दाखवायचे.

आम्ही सगळे एकाच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. एका खोलीत आई आणि मी, भिंतीपलीकडे मावशी आणि बबडी. खाली बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं, त्याच्या ॲसिडचा वास दुपारनंतर जिन्याने वर यायचा. नळ तळाशी. पाणी भरायचं ते हंड्याने, बेचाळीस पायऱ्या चढून. आमच्या गल्लीतली पोरं केस पांढरे झालेल्या कुठल्याही पुरुषाला आजोबा म्हणायची. असे आजोबा गल्लीत दोनच होते, आणि त्यातला एक त्रेपन्न वर्षांचा होता.

मावशी एकोणचाळीस वर्षांची असताना तिला आजींकडचं काम मिळालं. कामाच्या बायका पुरवणाऱ्या ब्युरोतल्या बाईने सांगितलं होतं की चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाई आहेत, न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडलंय, काम सहा महिन्यांचं, फार तर वर्षाचं. मावशीने विचारलं होतं, त्यानंतर दुसरं घर देणार ना. ब्युरोवालीने देते म्हटलं. ते दुसरं घर बघायची वेळ कधी आलीच नाही.

आजी चणीने अगदी चिमणीएवढ्या, पण आवाज खणखणीत. विमा कंपनीत तीस वर्षं नोकरी केलेल्या. कुठल्या वयाच्या, कुठल्या धंद्याच्या माणसाची किती वर्षं धरायची, याचे तक्ते करणं हे त्यांचं काम. नवरा इंजिनीअर होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा इमारतींचे नकाशे काढायचा. सुनेला मावशी वहिनी म्हणायची. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्टचं. दोन्ही बाजूंनी खिडक्या, खाली झाडं. आजींच्या खोलीला लागून त्यांचं स्वतःचं बाथरूम, भिंतींना धरायला स्टीलचे दांडे.

मावशी रात्री घरी आली की जेवता जेवता त्या घराच्या गोष्टी सांगायची, आणि आम्ही त्या सिनेमाची गोष्ट ऐकावी तशा ऐकायचो. दर बुधवारी डॉक्टर घरी येतात. पाय हलवायला वेगळी मुलगी येते. रक्त घ्यायला माणूस दारात येतो आणि संध्याकाळी रिपोर्ट फोनवर. दात बघायला एक डॉक्टर, कान बघायला दुसरा. "एका माणसाला इतके लोक मिळून जगवतात गं," ती म्हणायची. त्यात हेवा नव्हता. कौतुकच होतं, एखादी चांगली चालणारी फॅक्टरी बघून वाटावं तसं. ती स्वतः त्या फॅक्टरीतली सगळ्यात कसबी कामगार होती. बारा वर्षांत आजींच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही तिने. डॉक्टर इतर घरच्या मावश्यांना तिच्याकडे शिकायला पाठवायचे.

दोघींचं जमलंही छान. दुपारी पत्ते खेळायच्या. आजी सर्रास फसवायच्या. मावशीने पकडलं की म्हणायच्या, या वयात मला दिसत नाही नीट. मावशी म्हणायची, दिसत नाही तर माझ्या हातातली पानं कशी दिसतात.

तर आजी नव्वदीला टेकल्या त्या वर्षी मुलाने रक्तदाब मोजायचं विजेचं यंत्र आणलं. दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबलं की पट्टा फुगतो. आजींना ते मुळीच आवडलं नाही. म्हणाल्या, आधी दुसऱ्या कोणाचा हात आवळून दाखवा. मावशीने हसत स्वतःच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा आला एकशे अठ्ठ्याण्णव, खाली एकशे सोळा. आजी म्हणाल्या, खोटं मशीन आहे, परत करा. मग वहिनींनी आपला हात घातला, एकशे अठरा. आजींनी घातला, एकशे बत्तीस. पुन्हा मावशीचा घेतला. दोनशे चार.

आजींनी विचारलं, "तुझं डोकं दुखत नाही?"

"दुखतं की," मावशी म्हणाली. "सगळ्यांचंच दुखतं."

वहिनींनी तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला. बाई चांगल्या होत्या, हे मला सांगितलंच पाहिजे. त्या घरात वाईट असं कोणीच नव्हतं. बुधवारी डॉक्टरांनी आजींना तपासल्यावर मावशीलाही तपासलं, पैसे घेतले नाहीत, आणि दोन गोळ्या लिहून दिल्या. दोन्ही रोज सकाळी, जन्मभर. वर सांगितलं की मीठ कमी करा, ताण घेऊ नका, रोज चालत जा. मावशीने घरी येऊन आईला सांगितलं, डॉक्टर म्हणाले चाला. आईला हसू आवरेना. मावशी दोन बसच्या मधलं अंतर रोज चालायचीच, आणि मग हंडे घेऊन बेचाळीस पायऱ्या.

मी तेव्हा नुकतीच औषधांच्या दुकानात लागले होते. आमच्या भागातल्या औषधांच्या दुकानात सगळ्यात जास्त चालते ती कात्री. पूर्ण पाकीट कोणी मागत नाही. चार द्या, दोन द्या, आजच्या पुरती एक द्या. पाकीट कापलं की औषधाचं नाव एका तुकड्यावर जातं आणि तारीख दुसऱ्यावर. मावशीला मात्र मी न कापलेली पाकिटं द्यायची. चार-पाच महिने झाले. एकदा तिच्या फळीवरचा साबणाचा डबा काढायला गेले, तर मागे माझीच पाकिटं रचून ठेवलेली. नऊ होती. त्यातल्या एकातूनच काही गोळ्या गेल्या होत्या.

मी चिडले. पैसे माझ्या पगारातून कापले जातात, एवढं तरी बघायचंस, असं काहीतरी लागेलसं बोलले. तिने बबडी खाली पाण्याला गेली आहे ना ते बघितलं आणि हळू आवाजात मला सांगितलं.

दोनपैकी एक गोळी लघवी साफ करणारी होती. घेतली की तासाभरात जावं लागायचं, आणि मग दर तासाला. आजींचं बाथरूम आजींचं. कामाच्या बायकांचं तळमजल्यावर, गाड्या लावतात त्याच्या मागे. तिथे जायचं म्हणजे आजींना एकटं टाकायचं, आणि आजींना एकटं टाकायचं नाही हा कामाचा पहिला नियम. त्यामुळे मावशी सकाळी घरून जाऊन निघायची ती परत घरी आल्यावरच. बसचे दोन्ही वेळचे धरून चौदा तास. इतकी वर्षं. म्हणून दिवसभर पाणीही घोट घोट प्यायची.

"त्या गोळीने माझी बसमध्ये अब्रू गेली असती त्या दिवशी," ती म्हणाली. "सीटवरून उठता येईना. दोन स्टॉप पुढे गेले."

मग दुसरी गोळी तरी घ्यायची, मी म्हटलं. ती म्हणाली, मला वाटलं दोन्ही जोडीनेच घ्यायच्या असतात. हे विचारायला तिच्याजवळ डॉक्टर होते, दर बुधवारी, हाताच्या अंतरावर. पण कुणा पुरुषाला लघवीचं कसं विचारायचं. दुसऱ्यांची उचलण्यात आयुष्य गेलेल्या बाईला स्वतःची म्हटली की लाज वाटायची.

त्यानंतर तिने तोडगा काढला. दोन्ही गोळ्या फक्त रविवारी, सुट्टीच्या दिवशी. वर म्हणायची, रविवारी माझं प्रेशर कसं राणीसारखं असतं बघ. मी दुकानात काम करणारी, मला कळत होतं की यात काही अर्थ नाही. मी ती दुसरी, पांढरी गोळी तरी रोज घे म्हणून मागे लागायचे, आणि ती हो म्हणायची. तिचं हो मला ओळखू यायला हवं होतं.

आजींच्या हे लक्षात आलं, कसं ते मावशीलाही कळलं नाही. एका दुपारी पत्ते वाटताना त्यांनी एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. राहतेस कितव्या मजल्यावर. पाणी कुठून आणतेस. खाली कसलं दुकान आहे. नवरा कशाने गेला, किती वर्षांचा होता. वडील कितव्या वर्षी, आई कितव्या. मावशी पानं लावत लावत उत्तरं देत गेली. मग आजींनी हातातली पानं पालथी ठेवली.

"मी तीस वर्षं हेच केलं," त्या म्हणाल्या. "अर्जावर वय असायचं, धंदा असायचा, आजार असायचे, पत्ता असायचा. आजारांचं लोक खोटं लिहायचे. पत्ता खरा लिहायचे, कारण कागद घरी पोचायला हवे असायचे. मला पत्ता पुरायचा."

मावशीने विचारलं, "मग माझी किती निघतात?"

आजींनी पालथी पानं मावशीकडे सरकवली. मग म्हणाल्या, "पानं वाट."

त्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की आजपासून ही माझंच बाथरूम वापरेल. वहिनी लगेच हो म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी तिथे एक वेगळा साबण आला, आणि दाराच्या मागे वेगळ्या खुंटीवर वेगळा टॉवेल. मावशी आठवडाभर जात होती. मग तिचं तिलाच अवघड व्हायला लागलं. मला म्हणाली, "तिथे बसलं की होतच नाही गं. दाराबाहेर कोणीतरी उभं आहे असं वाटतं." हळूहळू ती पुन्हा पहिल्यासारखी चौदा तासांवर आली. टॉवेल घडी न मोडता खुंटीवर राहिला.

एकोणपन्नासाव्या वर्षी तिचे पाय सुजायला लागले. चपला मागून कापून घेतल्या तिने. सकाळी उठलं की उलटी, तोंडाला कसली तरी धातूची चव, चार पायऱ्यांवर धाप. पुन्हा सरकारी दवाखान्यात गेली, जिथे तिने सोळा वर्षं चादरी बदलल्या होत्या. ओळखीचं कोणी उरलं नव्हतं. एक दिवस केसपेपर, पुढच्या आठवड्यात रक्त, त्याच्या पुढच्यात रिपोर्ट, सोनोग्राफीची तारीख दोन महिन्यांनंतरची. सुट्टी घेतली की ब्युरो बदली बाई पाठवायचा, आणि बदली आलेली बाई कायमची होऊ शकते हे मावशीला पक्कं माहीत होतं. म्हणून ती एकाआड एक तारखा चुकवत गेली. आजींचं जे काम एका सकाळी व्हायचं, त्याला हिला साडेचार महिने लागले.

रिपोर्ट तिने दुकानात आणून माझ्या हातात दिला. काउंटरवर गिऱ्हाईक होतं. मी आकडा वाचला, गिऱ्हाइकाला त्याच्या गोळ्या कापून दिल्या, उरलेले पैसे दिले, आणि मग पुन्हा वाचला. दोन्ही मूत्रपिंडं आक्रसून गेली होती. दवाखान्यातला तरुण डॉक्टर तिला म्हणाला होता, ब्लडप्रेशरचं तुम्हाला आधी कोणी सांगितलं नव्हतं का. ती म्हणाली होती, सांगितलं होतं. यापुढे त्यानेही विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

डायलिसिस आठवड्यातून तीनदा लागेल असं कागदावर लिहून दिलं. मोफत केंद्रात चार यंत्रं होती आणि यादी लांबलचक. तिथल्या बाईंनी वही बघून सांगितलं की तीन लागतात हे बरोबर, पण दोन मिळतील. मंगळवार आणि शुक्रवार. आम्ही दोन घेतले.

आणि बाकीचे दिवस ती कामाला जात होती. हे कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. मंगळवारी-शुक्रवारी तिच्या अंगातलं रक्त यंत्रातून फिरून यायचं, आणि बुधवारी सकाळी सात वाजता ती बसमध्ये. वहिनींनी दोन दिवसांसाठी दुसरी बाई लावली होती आणि पगार फारसा कमी केला नव्हता. तिसरं डायलिसिस खाजगी केंद्रात व्हावं म्हणून त्यांनी सहा वेळा पैसेही दिले. सातव्या वेळी त्यांनी स्वतःहून विचारलं नाही, आणि मावशीने मागितलं नाही. मी म्हटलं, मी मागते. तिने माझा दंड धरला. "किती वेळा तोंड उघडायचं माणसाने," ती म्हणाली. "आणि आजींच्या कानावर घालशील तर माझी शपथ आहे."

पुढच्या वर्षी आजींना न्यूमोनिया झाला. पंच्याण्णव वय. अठरा दिवस मोठ्या खाजगी इस्पितळात, त्यातले सात काचेच्या खोलीत. आजींनी नळी उपटली, डॉक्टरांना स्वच्छ शब्दांत सांगितलं की आता पुरे, मला जाऊ द्या. मुलगा रडायला लागला. शेवटी मावशीला आत पाठवलं, कारण आजी तिचंच ऐकायच्या. तिने त्यांचे हात हातात घेतले, चोळले, आणि ओरडली नाही, विनवलं नाही, नुसती म्हणाली की नळी घाला परत, मी इथे आहे. आजींनी घालू दिली. हे झालं गुरुवारी. शुक्रवारी मावशी स्वतः यंत्राला जोडलेली होती, आणि शनिवारी पुन्हा काचेबाहेरच्या खुर्चीत. खुर्चीतच पाय इतके सुजले की चपला काढल्यावर घालता येईनात. ती इस्पितळाच्या चकचकीत फरशीवर अनवाणी फिरली, आणि एका नर्सने तिला हटकलं.

आजी बऱ्या होऊन घरी आल्या. डॉक्टर म्हणाले, कमाल आहे, अजून पाच वर्षं बघायला नको.

काम सुटलं ते त्यानंतर सात-आठ महिन्यांनी. आजींना खुर्चीतून पलंगावर घेताना मावशीच्या गुडघ्यांतलं बळच गेलं. खाली जाता जाता तिने एवढंच बघितलं की आजी वर राहतील आणि आपण खाली. आजी तिच्या अंगावर पडल्या, त्यांना खरचटलंही नाही. मावशीच्या दोन बरगड्या दुखावल्या. घरच्यांनी मग ठरवलं, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. शहाण्णव वर्षांचं माणूस पुन्हा पडलं असतं तर. त्यांनी तिला तीन महिन्यांचा पगार दिला, आणि आजींची जुनी हवेची गादी दिली, विजेवर चालणारी, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून असते ती. मावशीच्या खोलीत ती अंथरली तर दुसरं काही ठेवायला जागा उरेना. मावशी तिच्यावर लोळून बबडीला म्हणाली, "आता मी आजी. आण बघू माझं सूप." बबडी हसली आणि मग गॅलरीत जाऊन उभी राहिली. बबडी शर्टांच्या कारखान्यात कॉलरना इस्त्री मारायची. मंगळवारी-शुक्रवारी आईला केंद्रावर सोडायला जायचं म्हणून तिने सकाळची पाळी सोडून दुपारची घेतली होती.

आजींनी नव्या बाईच्या हातचं खायला नकार दिला. आठ-दहा दिवस घरात रोज तोच तमाशा. मग म्हणाल्या, मला तिच्याकडे न्या. मुलाने समजावलं, जागा अडचणीची आहे, तिसरा मजला, लिफ्ट नाही. त्या म्हणाल्या, मला पत्ता माहीत आहे.

आणि खरंच आल्या. रविवारची सकाळ होती. गाडी गल्लीत शिरेना, तर नाक्यावरून उलटी घालत बॅटरीवाल्याच्या दुकानापर्यंत आणली. मागच्या सीटवर आजी, मानेला उशी, शेजारी नवी बाई. सगळी गल्ली जमली. एवढं म्हातारं माणूस आमच्या पोरांनी कधी बघितलंच नव्हतं. एकाने मला विचारलं, ही कितीची आहे, आणि मी सांगितल्यावर त्याने ते जाऊन दुसऱ्याला सांगितलं.

मुलगा जिना बघून आला. खुर्चीत बसवून उचलायचं म्हटलं तरी वळणं अरुंद. आणि मावशी उतरली असती तर पुन्हा चढू शकली नसती. केंद्रावर जायच्या दिवशी तिला आम्ही दोघी दोन्ही बाजूंनी धरून न्यायचो, त्यातच तासभर जायचा. मग ती गॅलरीत येऊन कठड्याला धरून उभी राहिली. खाली गाडीची काच उतरवली. आजींना मान वर करता येत नव्हती, आणि मावशीला खाली वाकलं की चक्कर यायची. मी खाली जाऊन माझा फोन आजींच्या कानाच्या यंत्राला लावून धरला. वरून बबडीने धरला. दोघींमध्ये बेचाळीस पायऱ्या.

"बसलीस की उभी आहेस?" आजींनी विचारलं.

"उभी आहे. तुमची गाडी दिसते. टप दिसतो."

"खुर्ची घे."

"घेते. तुम्ही जेवत नाही म्हणे."

"ती सूप गार देते."

"तिला सांगा ना मग. तिला काय स्वप्न पडणार आहे?" मावशीला धाप लागली, म्हणून थोडा वेळ फोनवर नुसता श्वास येत राहिला. आजी ऐकत होत्या. मी फोन धरला होता, म्हणून मलाही तो श्वास ऐकू येत होता.

मग आजी म्हणाल्या, "मी तुला त्या दिवशी उत्तर दिलं नाही."

"मला कळलं होतं," मावशी म्हणाली. "तुम्ही पानं पालथी ठेवली तेव्हाच. तुम्ही जिंकत असताना पानं कधी ठेवत नाही."

आजींनी काच वर घ्यायला सांगितली. गाडी तशीच उलटी हळूहळू नाक्यापर्यंत गेली.

यानंतर मावशी सव्वा वर्ष होती, आणि बबडीने ते वर्ष कसं ओढलं ते मला लिहिता येणार नाही. मोजून पाणी, एका बाटलीवर खुणा करून. फळं बंद, डाळ बंद. मावशीला बर्फाचा तुकडा चोखायला दिला की तेवढीच मजा. ती कधी रडली नाही, पण तिचा स्वभाव बदलला. शेजारणीवर ओरडायला लागली. एकदा माझ्या आईला म्हणाली, तू माझ्याहून तीन वर्षांनी लहान आहेस, तूही बघशीलच. आई आठवडाभर तिच्याशी बोलली नाही.

एका गुरुवारी केंद्रातून फोन आला की चारपैकी तीन यंत्रं बंद पडली आहेत, पाण्याच्या गाळणीत काहीतरी बिघाड आहे, शुक्रवारची पाळी सोमवारी होईल. बबडीने खाजगी केंद्रात विचारलं. मी दुकानात उचल मागितली, मालक म्हणाले सोमवारी बघू. मला एक फोन करायचा होता, वहिनींना. मी तो केला नाही. शपथ घातली होती म्हणून नाही. मावशी शनिवारी जरा बरी दिसत होती, बोलत होती, आणि मला वाटलं निघतील दोन दिवस. तीनऐवजी सहा दिवसांचं अंतर काय करतं, हे मला पाठ होतं. रोज शेकडो लोकांना गोळ्या देताना मी सांगते की अंतर चुकवू नका.

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास ती त्या हवेच्या गादीच्या काठावर उठून बसली, बबडीला म्हणाली खिडकी उघड. बबडीने उघडली. परत वळली तेव्हा मावशी बसल्या जागीच भिंतीला टेकली होती. बावन्न वर्षांची. गल्लीत कोणाला फार आश्चर्य वाटलं नाही. बॅटरीवाला म्हणाला, आजारी होत्याच बिचाऱ्या, वय पण झालं होतं. तो खरंच तसं समजत होता.

आजींना घरच्यांनी दोन महिने सांगितलं नाही. मग त्यांनीच मला बोलावून घेतलं. मी गेले तेव्हा त्या खिडकीशी बसलेल्या, अंगावर शाल, नखं कापलेली, केस विंचरलेले. सत्त्याण्णव वर्षं. डोळे आता अगदी अंधुक झाले होते, पण मी दारात उभी आहे हे त्यांना कळलं. मी खुर्ची ओढून बसले. त्यांनी कशी गेली विचारलं नाही. आठवड्यातून किती वेळा होत होतं, ते विचारलं.

मी म्हटलं, "दोनदा."

"लागत किती होतं?"

"तीनदा."

त्यांनी मान हलवली, जणू एखाद्या रकान्यातला आकडा जुळला.

"मला का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या.

मी शपथेचं सांगितलं. शनिवारच्या फोनचंही सांगितलं, जो केला नाही. कोणालाच सांगितलं नव्हतं तोवर, बबडीलाही नाही. आजी काही म्हणाल्या नाहीत, ठीक आहे असंही नाही. बरंच झालं. ठीक आहे म्हणाल्या असत्या तर मला तिथे बसवलं नसतं.

तेवढ्यात नवी बाई सूप घेऊन आली. तिशी-बत्तिशीची, सावळी, चेहऱ्यावर घाम. तिने वाटी ठेवली, आजींच्या गळ्याशी रुमाल लावला, चमचा फुंकून पुढे केला. आजींनी मान बाजूला वळवली. बाईने तसाच चमचा धरून ठेवला आणि दाराकडे एकदा बघितलं, बाहेर वहिनींचा आवाज येत होता. आजींनी मग तोंड उघडलं आणि एकेक चमचा करत सगळी वाटी संपवली. मध्ये एकदा त्यांनी त्या बाईला विचारलं, "तू राहतेस कुठे?"

बाईने पत्ता सांगितला. मला तो भाग माहीत होता. आजींनाही असावा. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

बबडीने पुन्हा सकाळची पाळी घेतली आहे. उभ्याचं काम आहे, पाय दुखतात म्हणते. ती एकोणतीस वर्षांची आहे.